ॲकॉस्टिक गिटारचं घरचं रेकॉर्डिंग घुमतंय? नवा माइक घेण्याआधी ही तपासणी करा

खोलीत बसून वाजवताना गिटार छान वाटते. तेच रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकलं की खालच्या तारा घुमतात, कॉर्ड गढूळ होतात आणि वरच्या दोन तारा मागे कुठेतरी हरवतात. मग ईक्यूमध्ये (कोणते स्वर वाढवायचे, कोणते दाबायचे ते ठरवणाऱ्या साधनात) १०० ते ३०० हर्ट्झचा सगळा पट्टा खाली ओढला जातो. घुमणं कमी होतं, पण गिटारचं लाकूडही त्याबरोबर निघून जातं आणि नुसती तारांची खळखळ उरते. पुढच्या गाण्याला पुन्हा तेच. शेवटी सगळा दोष माइकवर येतो, महागडा माइक घेतला जातो, आवाज थोडा स्वच्छ होतो आणि घुमणं मात्र जिथल्या तिथे राहतं.

ते राहतं, कारण घुमण्याची कारणं तीन आहेत आणि तिन्ही जवळपास एकाच पट्ट्यात बसतात. एक, गिटारच्या पोटातली हवा. दोन, माइक फार जवळ असल्यामुळे वाढणारा बेस. तीन, खोली. कानाला तिन्ही सारखीच ऐकू येतात, पण तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर काहीच हाती लागत नाही. म्हणून आधी नेमकं कोण घुमतंय ते शोधायचं.

तपासणी

माइक १२व्या फ्रेटसमोर साधारण ३० सेंटिमीटरवर लावा. पंखा बंद करा. सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार मोकळी वाजवा, मग पहिला फ्रेट, दुसरा, असं करत १२व्यापर्यंत या. प्रत्येक स्वर अंगठ्याने, सारख्याच जोरात, दोन-तीन सेकंद वाजू द्या. हे रेकॉर्ड करा, ऐका, आणि स्क्रीनवर वेव्हफॉर्मही बघा.

खालचे सगळेच स्वर सारखे फुगलेले असतील तर माइकच्या अंतराचा संशय घ्या. माइक १० सेंटिमीटरवर आणून आणि मग ४५ सेंटिमीटरवर नेऊन तेच स्वर वाजवा. जवळ आणल्यावर फुगवटा सरसकट वाढला आणि लांब नेल्यावर सरसकट उतरला, तर कारण सापडलं.

बाकी स्वर ठीक आहेत पण एखादाच, किंवा शेजारचे दोन, उसळी मारतात असं दिसलं तर प्रश्न गिटार की खोली एवढाच उरतो. माइक आणि गिटार यांचं आपसातलं अंतर आणि कोन तसाच ठेवून खुर्ची आणि स्टँड खोलीच्या दुसऱ्या भागात न्या. उसळणारा स्वर बदलला किंवा बसला, तर ती खोली. कुठेही बसलं तरी तोच स्वर उसळत असेल, तर ती गिटार. खात्री करायची असेल तर साउंडहोलवर, म्हणजे गिटारच्या गोल भोकावर, जाड पुठ्ठा घट्ट धरून किंवा चिकटवून पुन्हा वाजवा. उसळी गेली म्हणजे गिटारच्या पोटातल्या हवेचंच ते काम होतं.

दोन कारणं एकत्र असणं अगदी नेहमीचं आहे. अशा वेळी आधी अंतर सुधारा, मग खोलीतली जागा, आणि गिटारकडे शेवटी या. हा क्रम महत्त्वाचा, कारण अंतर जास्त ठेवलं की खोलीचा वाटा वाढतो आणि कमी केलं की माइकचा.

साउंडहोलचं आकर्षण

आवाज भोकातून बाहेर येतो, म्हणून माइक भोकासमोर लावायचा, हा विचार सगळ्यांनाच आधी सुचतो. प्रत्यक्षात गिटारचा आवाज मुख्यतः वरच्या लाकडी पटलातून येतो. भोकातून येते ती पोटातल्या हवेची ठराविक गुंज. ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या रुंद बॉडीच्या गिटारमध्ये ही गुंज सहसा ९० ते ११० हर्ट्झच्या दरम्यान असते, म्हणजे सहाव्या तारेच्या दुसऱ्या ते पाचव्या फ्रेटच्या आसपास. जी मेजर कॉर्डचा खालचा जी ९८ हर्ट्झचा आहे. आपल्या कितीतरी गाण्यांत हा कॉर्ड सतत येतो आणि तेवढाच धप्पकन वाजतो, त्यामागे हे गणित आहे. पटलाची स्वतःची अशीच एक गुंज २०० हर्ट्झच्या जवळपास असते, मोकळ्या तिसऱ्या तारेच्या (१९६ हर्ट्झ) शेजारी.

उपाय सोपा आहे. माइक भोकाच्या रेषेतून बाहेर काढा. १२व्या फ्रेटसमोर, २० ते ३० सेंटिमीटरवर, आणि माइकचं तोंड किंचित वळवून नेक जिथे बॉडीला जोडलेली असते तिकडे रोखा. तारांची चमक, लाकडाचा गाभा आणि बेस यांचा समतोल इथे बहुतेक गिटारमध्ये बसतो. ही सुरुवातीची जागा आहे, शेवटची नव्हे. इथून पुढे सेंटिमीटर-सेंटिमीटरने शोधायचं.

शोधण्याची उत्तम रीत म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी वाजवायला बसवा, एक कान बोटाने बंद करा आणि दुसरा कान गिटारभोवती फिरवा. एका माइकलाही एकाच कानाने ऐकू येतं. दोन्ही कान उघडे असले की मेंदू खोलीचा गोंधळ आपोआप बाजूला सारतो, माइकला ते जमत नाही. जिथे एका कानाला गिटार पूर्ण ऐकू येते तिथे माइक लावा. घरात वाजवणारं दुसरं कुणी नसेल तर हेडफोन घालून स्वतः वाजवा आणि माइकऐवजी स्वतःच थोडं थोडं हला.

ब्रिजच्या मागच्या बाजूला, गिटारच्या रुंद भागासमोर आवाज उबदार आणि लाकडी येतो. पातळ वाजणाऱ्या लहान गिटारला ही जागा मानवते, ड्रेडनॉटला क्वचितच. वाजवणाऱ्याच्या उजव्या खांद्यावरून खाली रोखलेला माइकही करून बघण्यासारखा आहे. आपण वाजवताना जे ऐकतो त्याच्या तो जवळ जातो. फक्त तिथे श्वासाचा आवाज येतो, आणि ज्याला वाजवताना गुणगुणायची सवय आहे त्याने ही जागा विसरावी.

जोरात स्ट्रमिंग असेल तर ४० सेंटिमीटरपर्यंत मागे जा. बोटांनी हळू वाजवत असाल तर २० पुरे.

अंतराचा बेस

घरात असणारे बहुतेक माइक कार्डिऑइड असतात, म्हणजे समोरचं जास्त आणि मागचं कमी ऐकणारे. अशा जवळपास प्रत्येक दिशादर्शी माइकमध्ये आवाजाचा उगम जवळ आला की खालचे स्वर वाढतात. रेडिओवरच्या निवेदकाचा भारदस्त आवाज यातूनच येतो. निवेदकाच्या गळ्याला जे शोभतं ते गिटारला बाधतं. १० सेंटिमीटरच्या आत कार्डिऑइड माइक ॲकॉस्टिक गिटारवर लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ओम्नी, म्हणजे सगळ्या दिशांचं सारखंच ऐकणाऱ्या माइकमध्ये हा प्रकार नसतो, आणि इथे एक चांगली वाट आहे जी फार कमी लोक वापरतात. ओम्नी चहूबाजूंचं ऐकतो म्हणून छोट्या खोलीत लोक त्याला घाबरतात. पण खोलीच्या तुलनेत गिटार किती ऐकू येते या हिशेबाने १५ सेंटिमीटरवरचा ओम्नी आणि साधारण २५ सेंटिमीटरवरचा कार्डिऑइड जवळपास सारखेच पडतात. बेस न फुगवता इतकं जवळ जाता येतं. तुमच्या माइकवर पॅटर्न बदलण्याचं बटण असेल, तर ओम्नी करून १२व्या फ्रेटजवळ एकदा नक्की ऐका.

खोली: खरा त्रास इथे आहे

आपल्याकडची झोपायची खोली बऱ्याचदा १० बाय १० फुटांची असते आणि छतही साडेनऊ-दहा फुटांवर. रेकॉर्डिंगसाठी याहून वाईट आकार शोधून सापडणार नाही. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये जो स्वर अडकून उभा राहतो त्याची कंपनसंख्या येते ५६ हर्ट्झ, आणि त्याच्या दुप्पट ११२. गिटारचा सर्वांत खालचा स्वर ८२ हर्ट्झचा, त्यामुळे ५६ चा आपल्याला उपद्रव नाही. पण ११२ हा मोकळ्या पाचव्या तारेच्या ए स्वराला (११० हर्ट्झ) चिकटून बसलेला आहे. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही सारखी असली की तिन्ही दिशांचा ११२ एकावर एक चढतो.

त्यात आपल्या भिंती विटा-सिमेंटच्या आणि वर काँक्रीटचा स्लॅब. खालचे स्वर त्या जवळजवळ जसेच्या तसे परत फेकतात. अमेरिकेतल्या व्हिडिओंमध्ये दिसणाऱ्या खोल्या बहुधा लाकडी चौकटीवर जिप्समचे बोर्ड ठोकून केलेल्या असतात. त्या भिंती बेसचा काही भाग शोषतात, काही पलीकडे जाऊ देतात. तिथला सल्ला इथे निम्माच लागू पडतो, त्याचं कारण हे. कोकणात किंवा गोव्यात उतरत्या कौलारू छपराचं जुनं घर ज्यांना उपलब्ध आहे त्यांनी तिथे जाऊन रेकॉर्ड करावं. समांतर छत नसण्याचा फायदा पहिल्याच टेकमध्ये ऐकू येईल.

आता बसायचं कुठे? ११२ हर्ट्झचा दाब १० फुटांच्या खोलीत तीन ठिकाणी सर्वाधिक असतो: दोन्ही भिंतींना लागून आणि बरोबर मध्यभागी. भिंतीपासून अडीच फुटांवर तो जवळजवळ शून्य होतो. लोक नेमके खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून बसतात, किंवा कोपऱ्यातल्या टेबलाशी. दोन्ही जागा सर्वांत वाईट. गिटार आणि माइक दोन्ही, लगतच्या दोन्ही भिंतींपासून अडीच ते तीन फुटांच्या आसपास येतील असं बसा. खुर्चीवर बसल्यावर गिटार जमिनीपासूनही साधारण तेवढ्याच उंचीवर येते, त्यामुळे उभ्या दिशेचं काम आपोआप होतं. जमिनीवर मांडी घालून वाजवलं तर गिटार फूट-दीड फुटावर येते आणि छताचा ११२ पुन्हा डोकं वर काढतो. रेकॉर्डिंगपुरती खुर्ची घ्या.

खोली १२ फूट लांब असेल तर त्या दिशेचा आकडा ९४ हर्ट्झ येतो, म्हणजे सहाव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटपाशी. तुमच्या खोलीसाठी ३४३ ला मीटरमधल्या लांबीने भागा, थेट हाच दुसरा, त्रासदायक आकडा मिळेल. तपासणीत उसळलेला स्वर या आकड्याशी जुळला तर शंकेला जागाच नाही.

फोमबद्दल स्पष्ट सांगायला हवं, कारण त्यावर बरेच पैसे वाया जातात. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास साडेतीन मीटर असते. भिंतीवर चिकटवलेला दोन इंची फोम तिला कळतही नाही. तो फक्त वरचे स्वर खातो. परिणामी खोली आधी घुमत होती ती आता घुमते आणि वर मंदही होते. अंड्यांचे ट्रे तर त्याहून निरुपयोगी. बेससाठी जाडी लागते: कोपऱ्यात चार इंची रॉकवूलच्या लाद्या, दोन-तीन थरांत. भाड्याच्या घरात ते शक्य नसेल तर कोपऱ्यात उभ्या केलेल्या कापसाच्या जाड गाद्या आणि दारं उघडी ठेवलेलं कपड्यांनी भरलेलं कपाट. यांनी ११२ हर्ट्झ पूर्ण जाणार नाही, पण २०० च्या वरचा गढूळपणा नक्की निवळतो.

गादी किंवा गोधडी कुठे टांगायची यातही घोटाळा होतो. माइकच्या पाठीमागे लावण्याचा मोह होतो. कार्डिऑइड माइकला पाठीमागचं आधीच कमी ऐकू येतं. त्याचं तोंड तुमच्याकडे आहे, म्हणजे तुमच्या पाठीमागची भिंत त्याला स्वच्छ ऐकू येते. पहिली गोधडी वाजवणाऱ्याच्या मागे. समोर वहीचा स्टँड किंवा लॅपटॉपचं टेबल असेल तर तेही बाजूला करा. त्यांच्यावरून आपटून येणारा आवाज माइकमध्ये थोडा उशिरा पोचतो आणि गिटारला पोकळ करतो.

मग माइक कोणता?

छोट्या डायफ्रॅमचा (आवाजाने थरथरणाऱ्या पडद्याचा) कंडेन्सर, म्हणजे विजेवर चालणारा संवेदनशील माइक, पेन्सिलसारखा दिसणारा. लहान खोलीत आवाज माइकवर बाजूनेही बराच येतो, आणि बाजूने आलेला आवाज हे माइक फारसा न बिघडवता घेतात. मोठ्या डायफ्रॅमचे त्यात थोडे रंग भरतात, पण त्यांचा स्वतःचा सूंऽऽ असा आवाज बहुधा कमी असतो. रोडच्या पेन्सिलसारख्या एनटी५ चा हा आकडा १६ डेसिबल आहे आणि त्याच कंपनीच्या मोठ्या डायफ्रॅमच्या एनटी१-ए चा ५. स्ट्रमिंगमध्ये हा फरक ऐकू येत नाही. रात्री हळुवार फिंगरपिकिंग रेकॉर्ड करत असाल तर येतो. आधीच मोठ्या डायफ्रॅमचा माइक घरात असेल तर फक्त या कारणासाठी बदलू नका.

मोठ्या डायफ्रॅमच्या बहुतेक माइकची पुढची बाजू ही कुशीवर असते, टोकावर नाही. सहसा कंपनीचं चिन्ह असलेली बाजू गिटारकडे हवी. टोक गिटारकडे रोखून केलेली रेकॉर्डिंग मी ऐकली आहेत. त्यांचा मंदपणा कुठल्याही ईक्यूने जात नाही.

डायनॅमिक माइक, म्हणजे शुअरचा एसएम५७ वगैरे, खोलीचा आवाज घेत नाही असं ठासून सांगितलं जातं. तो कमी घेतो तो जवळ लावला जातो म्हणून. ३० सेंटिमीटरवर तोही खोली ऐकवतो. शिवाय कंडेन्सर त्याच्या सात-आठ पट तरी विद्युतदाब देतो, त्यामुळे एसएम५७ ला गेन (माइकच्या सिग्नलची वाढ) खूप वाढवावा लागतो आणि स्वस्त इंटरफेसमध्ये, म्हणजे माइक कंप्युटरला जोडणाऱ्या डबीत, खरखर वर येते. गजबजलेल्या रस्त्यालगतच्या घरात जोरदार स्ट्रमिंगसाठी तो उपयोगी आहे, तेवढ्यासाठीच.

कंडेन्सरला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या वायरीतूनच जाणारा वीजपुरवठा लागतो. इंटरफेसवर ते बटण असतं. आवाजच येत नाही या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा तिथेच मिळतं.

गिटारच्या आतल्या पिएझो पिकअपची (कंपनं थेट टिपणाऱ्या पट्टीची) वायर सरळ जोडून खोली टाळता येईल का? येते, पण तो आवाज प्लॅस्टिकी टणटणाट करणारा असतो. स्टेजवर चालतो, एकट्या गिटारच्या रेकॉर्डिंगमध्ये नाही.

दोन माइक लावले आणि गिटार पातळ झाली

ही वेगळी तक्रार असली तरी घुमण्याला कंटाळलेला माणूस हमखास इथे येऊन पोचतो, म्हणून लिहितो. दोन माइकपर्यंत आवाज वेगवेगळ्या वेळी पोचला की काही स्वर एकमेकांना खोडतात. अंतरात १७ सेंटिमीटरचा फरक असेल तर १००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, ३४ चा असेल तर ५०० च्या आसपास. हेडफोनवर हे भव्य, पसरलेलं वाटतं. मोबाइलच्या एकाच स्पीकरवर गिटार गायब होते.

म्हणून प्रत्येक टेकआधी मोनोत, म्हणजे दोन्ही माइक एकत्र मिसळून, ऐका. लहान खोलीत मी एक्स-वाय मांडणीच सुचवेन: दोन सारखे माइक, तोंडं एकावर एक, मध्ये ९० अंशांचा कोन, १२व्या फ्रेटसमोर. आवाज दोन्हीकडे एकदमच पोचतो आणि खोडाखोड होत नाही. एक माइक १२व्या फ्रेटला आणि दुसरा ब्रिजमागे असं हवंच असेल तर एका माइकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करा, मोनोत ऐकत दुसरा माइक हळूहळू हलवा, आणि आवाज जिथे सर्वांत पातळ होईल तिथे थांबा. मग पोलॅरिटी पूर्ववत करा. तीच जागा सर्वांत भरीव असते.

पण खोली घुमत असताना दुसरा माइक लावणं म्हणजे घुमणं दोनदा रेकॉर्ड करणं. आधी एक माइक नीट बसू द्या.

बाकीचं, थोडक्यात

लेव्हल: सर्वांत जोरात वाजवलेली जागा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवा, २४ बिटमध्ये. आणखी वर न्यायची गरज नाही. बारीक, एकसुरी गुंजन येत असेल आणि लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर थांबत असेल तर ती विजेची ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची गुणगुण आहे. बॅटरीवर रेकॉर्ड करा.

पावसाळ्यात आवाज एकाएकी मंद आणि फुगीर झाला तर माइकला हात लावू नका. लाकडी गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आणि मुंबई-कोकणात जुलैमध्ये ती ८० च्या वर सहज जाते. पटल ओल धरतं, तारा गंजतात. गिटार केसमध्ये सिलिका जेल घालून ठेवा आणि रेकॉर्डिंगच्या एक-दोन दिवस आधी नव्या तारा चढवा. जुन्या तारांवर कोणताही माइक चमक आणू शकत नाही.

दोन जागांची तुलना करताना दोन्ही टेक सारख्या आवाजात आणून ऐका. जरा मोठा वाजणारा टेक नेहमीच चांगला वाटतो.

हे सगळं झाल्यावर ईक्यू. हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरवलेल्या आकड्याखालचे स्वर कापणारा, ६५-७० हर्ट्झला लावा, त्यावर नको, कारण ८२ ला खालचा ई स्वर आहे. तपासणीत जो स्वर उसळला होता त्याच्या कंपनसंख्येवर अरुंद कट द्या, दोन-तीन डेसिबलचा. संपूर्ण १०० ते ३०० चा पट्टा ओढायची वेळ आता येऊ नये. त्या एका जागी सहा-सात डेसिबल काढल्याशिवाय भागत नसेल तर ईक्यू बंद करा, खुर्ची आणि स्टँड आणखी फूटभर सरकवा आणि सहावी तार पुन्हा मोकळ्यापासून १२व्या फ्रेटपर्यंत वाजवून बघा.